आधी हात बघा, मग तोंड: जर्मन ‘बीट-क्लब’ कोल्हापुरात कसा लावावा

माझा धंदा साउंडचा. शिवाजी पेठेत गोडाऊन आहे. लग्नं, सत्कार, शाळांची गॅदरिंग, बेंजो पार्ट्या, सगळीकडं माल जातो. पण महिन्यातल्या एका शनिवारी एक मिक्सर, एक बॉक्स आणि प्रोजेक्टर मी कुणाला भाड्यानं देत नाही. त्या संध्याकाळी तालमीच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा जर्मन टीव्ही बघतो. कार्यक्रमाचं नाव ‘बीट-क्लब’, पॉप-रॉक बँडांचा कार्यक्रम. ‘आमच्या मंडळात लावायचं झालं तर कसं लावू?’ असं हल्ली बरेच जण विचारतात. एकेकाला फोनवर सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

हे वेड मला लावलं ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मशीन उभं करायला आलेल्या जर्मन माणसानं. त्याच्या निरोपाच्या जेवणाला माईक माझा होता. तांबड्या रश्श्यानं नाकातोंडातून पाणी काढल्यावरसुद्धा तो गडी माझ्या मिक्सरपाशीच घोटाळत होता. जाताना त्यानं एक व्हीएचएस कॅसेट दिली. टीव्हीची पद्धत त्यांची आणि आपली एकच, पाल. त्यामुळं ती इथल्या व्हीसीआरवर सरळ चालली. अमेरिकेतून आलेली असती तर चित्र लोळत बसलं असतं.

आता कॅसेट शोधायची गरज नाही. युट्यूबवर बीट-क्लबचं अधिकृत चॅनेल आहे, तिथं सुटी गाणी भरपूर सापडतात. जर्मनीत डीव्हीडीचे संचही निघालेत. कुणाचा मुलगा-पुतण्या तिकडं असेल तर मागवून घ्या, कारण अख्खा भाग सलग बघण्याची मजा सुट्या गाण्यांत येत नाही. एक गोष्ट आधीच सांगतो: घरच्या चार मित्रांत बघणं वेगळं आणि तिकीट लावून हॉल भरणं वेगळं. पैसे घेणार असाल, जाहीर बोर्ड लावणार असाल, तर हक्क ज्यांचे त्यांची परवानगी लागते. आम्ही तिकीट लावत नाही, बोर्डही लावत नाही. भडंगाचा पुडा ज्याचा त्यानं आणायचा.

बघायचं काय

बरेच जण जुन्या कार्यक्रमांचा इतिहास तारखांनी सांगायला जातात आणि तिसऱ्या तारखेला लोक मोबाईल काढतात. मी माणसांच्या हातात एकच प्रश्न देतो. समोरचा माणूस आत्ता खरंच वाजवतोय, की मागं रेकॉर्ड लागलीय आणि हा नुसता हात हलवतोय? या एका प्रश्नावर बीट-क्लबची सात वर्षं उलगडतात. सुरुवातीला स्टुडिओत पोरं नाचतायत आणि त्यांच्यात उभं राहून बँड वाजवतोय. मग मधल्या वर्षांत पुष्कळ गाणी प्लेबॅकवर, म्हणजे मागं रेकॉर्ड आणि पुढं नुसते हात. आणि शेवटी प्रेक्षकच काढून टाकलेले, रिकामा स्टुडिओ, आणि बँड जीव तोडून खरं वाजवतोय. हा प्रवास डोळ्यांनी आणि कानांनी पकडायचा असेल तर मांडणी नीट हवी, म्हणून आधी वायरिंगवर येतो.

वायरिंग

पहिला नियम: ब्लूटूथ नको. हे मी मोठ्या आवाजात सांगतो, कारण सगळे तिथंच फसतात. ब्लूटूथ बॉक्सवर आवाज चित्राच्या मागून येतो. कितीही थोडा उशीर असला तरी ड्रमची काठी आधी पडते आणि ठोका मागून ऐकू येतो. मग खरं वाजवणारा माणूससुद्धा खोटं वाजवतोय असं दिसायला लागतं. आपली सगळी परीक्षाच हात आणि आवाज जुळण्यावर उभी आहे. तेव्हा लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात पिन घाला आणि तिथून वायरनं आवाज मिक्सरला द्या.

वायर लावूनही प्रोजेक्टर कधीकधी चित्र मागं ठेवतो. ते तपासायला गाणं वापरू नका, बोलणारा माणूस वापरा. बीट-क्लबची निवेदिका उशी नेर्के कॅमेऱ्याकडं सरळ बघून बोलते. तिचे ओठ मिटतात तो क्षण धरा: प, ब, म. जर्मन येत नसलं तरी ओठ मिटलेले कळतात. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये आवाज मागं-पुढं सरकवायची सोय असते, तिथं जुळवून घ्या. डीव्हीडीवर किंवा लॅपटॉपमध्ये असलेल्या फायलीवरच हे जमतं, चालू नेटवरच्या व्हिडिओवर जमत नाही.

दुसरं, चित्र ताणू नका. त्या काळचा पडदा चारास तीन मापाचा. आजचा प्रोजेक्टर सोळास नऊ. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणार, राहू देत. पडदा भरावा म्हणून कुणीतरी रिमोट दाबतो आणि सडपातळ गिटारवाला एकदम खासबागेतल्या पैलवानासारखा रुंद दिसायला लागतो. टीव्हीवर लावणार असाल तर चित्र गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. ते मधल्या फ्रेम आपल्या मनानं तयार करतं आणि बोटांच्या हालचाली पुसट होतात. आपल्याला बोटंच बघायचीत.

तिसरं, आवाज मोनो आहे, म्हणजे डावीकडं-उजवीकडं एकच. पश्चिम जर्मनीत टीव्हीवर स्टिरिओ आला तो १९८१ मध्ये. तेव्हा दोन बाजूंना दोन टॉवर उभे करून काही मिळत नाही. पडद्याच्या खाली मधोमध एक चांगला बॉक्स ठेवा आणि मिक्सरवरचं पॅनचं (डावं-उजवं) बटण मधे ठेवा. बेस वाढवायचा हात आवरा. मला माहीत आहे, आपल्या गावात बेसशिवाय माणसाला आवाज आला असं वाटतच नाही. मिरवणुकीत छाती हलली तरच साउंड! पण त्या रेकॉर्डिंगमध्ये खालचा बेस मुळातच थोडा आहे. तो खेचून वाढवला तर बेस गिटार येत नाही, नुसती घरघर येते. माझं सेटिंग असं असतं: अगदी खालचा भाग कापलेला, मधला भाग किंचित वर, टॉप जिथल्या तिथं. गायकाचा श्वास ऐकू आला पाहिजे.

‘हूंऽऽ’ असा आवाज येत असेल तर रेकॉर्डिंगला दोष द्यायच्या आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बहुतेक वेळा तिथंच थांबतो. लाईन त्यांच्याकडंही पन्नास सायकलची आणि आपल्याकडंही, त्यामुळं जुन्या टेपमधली हूं आणि तुमच्या अर्थिंगची हूं एकाच सुरात असते. चार्जर काढूनही राहिली तर ती मूळ टेपमधली, कार्यक्रम जिथं झाला त्या जर्मनीतल्या ब्रेमेनची, सोडून द्या.

हॉल रिकामा, फरशीचा आणि उंच असेल तर मागच्या भिंतीला सतरंज्या टांगा. तालमीत त्या असतातच.

खरं की प्लेबॅक: कसोटी

दर कार्यक्रमाआधी मी हे पाच-सात मिनिटांत सांगतो. इथं लिहायला जागा आहे म्हणून जरा सविस्तर.

सगळ्यात आधी वायर. साठीच्या दशकात गिटारला वायरलेस नव्हतं. इलेक्ट्रिक गिटार गळ्यात आहे आणि तिच्यातून वायर निघालेलीच नाही, तर निकाल लागला, तो हात हलवतोय. उलट मात्र धरू नका. वायर दिसली म्हणजे खरंच वाजतंय असं नाही, शोभेला खोचलेली वायरही असते. मग मागं अँप्लिफायर आहे का, त्यावरचा लाल दिवा लागलाय का, ते बघा.

मग ड्रमवाला. तो सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. खरं वाजवणारा झांजेवर पूर्ण वजनानं मारतो, झांज लोंबकळत राहते आणि तिचा आवाज चित्रासोबत विरतो. प्लेबॅकवर असला की जपून मारतो, कारण रेकॉर्ड ऐकू यायला हवी. त्याची मनगटं आळशी दिसतात. गाण्यात जिथं भरून वाजवायची जागा येते तिथं तर नक्की पकडला जातो: कानाला पाच ठोके, डोळ्याला तीन. आमच्यात एक बेंजोवर ऑक्टापॅड वाजवणारा पोरगा येतो. त्याला या एका जागेवरून दहा सेकंदांत कळतं. ‘काका, ह्यो नुस्ता पंखा हलवतोय,’ म्हणतो.

ड्रमजवळ माईक दिसला नाही म्हणून लगेच खोटं ठरवू नका. जुन्या स्टुडिओत लांब दांड्याला माईक बांधून तो चौकटीच्या वर धरायची पद्धत होती. कधीकधी त्याची सावली भिंतीवर पडलेली दिसते. ती सापडली की आमच्याकडं शिट्टी पडते.

गायकाचं तोंड माईकपासून लांब गेलं तर आवाज पडला पाहिजे. मान फिरवली, तोंड वळलं आणि आवाज ढिम्म तसाच, तर समजा.

आणि सर्वांत पक्की कसोटी म्हणजे शेवट. रेकॉर्डवरची पुष्कळ गाणी संपत नाहीत, हळूहळू आवाज कमी करून मिटवलेली असतात. समोर वाजवणाऱ्या बँडला गाणं संपवावंच लागतं. एकमेकांकडं बघून, मान हलवून, शेवटचा ठोका मारून. बँड जोरात वाजवतोय आणि आवाज मात्र कमी कमी होत गेलाय, असं दिसलं की आमच्या हॉलमध्ये हमखास हशा पिकतो.

तिसरा एक प्रकार आहे, तो आपल्याला नवा नाही: मागं ट्रॅक आणि वर गायक खरा. आपल्या ऑर्केस्ट्रांतून आणि कराओकेच्या कार्यक्रमांतून आज तेच चालतं. जर्मनीत याच पद्धतीवर झेडडीएफ वाहिनीनं ‘हिटपराडे’ नावाचा कार्यक्रम १९६९ पासून २००० पर्यंत चालवला. त्यात फक्त जर्मन भाषेतली गाणी, आणि गायकानं समोर खरं गायलंच पाहिजे. डीटर थॉमस हेक हा त्याचा निवेदक, शेवटची श्रेयनामावली एका दमात धडाधड वाचून दाखवायचा. बीट-क्लबच्या नेमकं उलट टोक. दोन्हीतला एकेक तुकडा पाठोपाठ लावला तर एकाच देशात एकाच वेळी घरातली मोठी माणसं काय बघत होती आणि पोरं काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

क्रम

सुरुवात पहिल्या भागानंच करा. २५ सप्टेंबर १९६५, शनिवार, दुपारची वेळ. आणि पहिला आवाज बँडचा नाही, निवेदकाचा लावा. विल्हेल्म वीबेन नावाचा टापटीप कपड्यांतला तरुण पडद्यावर येतो. तरुणांना सांगतो की खास तुमच्यासाठी केलेला कार्यक्रम आता सुरू होतोय, आणि मग मोठ्यांकडं वळून विनंती करतो की ज्यांना हे संगीत आवडत नसेल त्यांनी कृपया समजून घ्यावं. पुढं हाच माणूस जर्मनीच्या मुख्य बातम्या वाचायला लागला. मी इथं दर वेळी चित्र थांबवतो. कारण आमच्यात एक-दोन म्हातारे असे असतात, ज्यांच्यासाठी ती विनंती अजून लागू आहे. एकजण तर देवल क्लबातल्या शास्त्रीय गाण्याच्या बैठका ऐकत वाढलेला. ‘त्यानं माफी मागितलीय, आता बसतो,’ म्हणून तो बसला तो अजून येतोय.

हा कार्यक्रम केला कुणी? जर्मनीत सरकारी नसलेल्या, पण सार्वजनिक अशा प्रादेशिक प्रसारण संस्था आहेत, त्या मिळून एआरडी ही वाहिनी चालवतात. त्यातली रेडिओ ब्रेमेन सर्वांत छोटी. म्युनिक, कोलोन, हॅम्बुर्गच्या मोठ्या संस्थांना जे सुचलं नाही ते या छोटीनं केलं. कल्पना गेरहार्ड आउगुस्टिन आणि दिग्दर्शक मायकेल लेकेबुश यांची. आउगुस्टिन स्वतः क्लबांत रेकॉर्डी लावणारा, म्हणजे आमच्याच बिरादरीतला. त्याच्या जोडीला निवेदनाला उशी नेर्के, ती वास्तुकलेची (आर्किटेक्चरची) विद्यार्थिनी. पुढं तिचे आखूड स्कर्ट आणि कोरडं, न हसता केलेलं निवेदन हीच कार्यक्रमाची ओळख झाली. आउगुस्टिनच्या जागी नंतर इंग्लंडचा डेव्ह ली ट्रॅव्हिस आला. समुद्रात जहाज उभं करून तिथून बिनपरवाना गाणी वाजवणाऱ्या रेडिओ कॅरोलाइनवरचा तो माणूस. ब्रिटिश बँड ब्रेमेनला येत तेव्हा त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलणारा कुणीतरी लागत होता.

पहिल्या भागात ब्रेमेनचाच ‘यँकीज’ हा बँड आहे आणि ‘लिव्हरबर्ड्स’ आहेत. लिव्हरबर्ड्सवर थांबा. लिव्हरपूलच्या चार मुली. गिटार, बेस, ड्रम सगळं स्वतः वाजवणाऱ्या. हॅम्बुर्गच्या स्टार-क्लबमध्ये त्यांनी नाव काढलं होतं. कॉलेजच्या पोरी आल्या असतील तर त्यांना ड्रमवालीचे हात बघायला सांगा आणि तुम्ही गप्प बसा.

यानंतर सरळ १९६७ वर उडी घ्या. मार्चमध्ये लेकेबुशचं युनिट लंडनच्या मार्की क्लबला गेलं आणि तिथं जिमी हेंड्रिक्सला टिपून आलं. हेंड्रिक्सचा पहिला अल्बमसुद्धा तेव्हा यायचा होता. गडी डावखुरा, उजव्या हाताची गिटार उलटी धरून तारा बदलून लावलेल्या. आमचा ऑक्टापॅडवाला पोरगा इथं पहिल्यांदा काहीच बोलला नव्हता. वायर आहे, अँप आहे, झांज लोंबकळतेय, गाणं संपवलंय. सगळ्या कसोट्या एका तुकड्यात दाखवायच्या असतील तर हाच लावा.

१९६७ ते ६९ चा बाकी मामला मी भराभर काढतो. नाचणाऱ्या मुली, चकचकीत कपडे, झूम मागं-पुढं, आणि बरंचसं प्लेबॅक. दोन-तीन गाणी लावा, लोकांना शोधाशोध करू द्या, पुढं चला. इथं चहा घ्यायलाही हरकत नाही.

चहानंतर रंग. ही जागा नाट्यमय करायची असेल तर आधी एक किस्सा सांगा. पश्चिम जर्मनीत रंगीत टीव्ही सुरू झाला २५ ऑगस्ट १९६७ ला, बर्लिनच्या प्रदर्शनात. पद्धत हॅनोव्हरच्या टेलिफुंकन कंपनीत वाल्टर ब्रुखनं तयार केलेली पाल. उपचॅन्सेलर विली ब्रांट यांनी मोठं लाल बटण दाबायचं होतं. ते बटण दिखाऊ होतं. पडद्यामागच्या तंत्रज्ञानं जरा घाई केली आणि बोट टेकायच्या आधीच चित्र रंगीत झालं. म्हणजे रंगीत टीव्हीचं उद्घाटनच प्लेबॅकवर, आणि तेही चुकलेल्या टायमिंगचं! उद्घाटनाच्या समया आणि रिमोटनं सरकणारे पडदे रोज सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला त्या तंत्रज्ञाची फार दया येते. आपल्याकडं हीच पद्धत १९८२ मध्ये दूरदर्शनवर आली.

बीट-क्लब मात्र कृष्णधवलच राहिला, तो १९६९ च्या ३१ डिसेंबरला रंगीत झाला. आणि रंग आला तसा लेकेबुश सुटलाच. निळ्या पडद्यासमोर बँड उभा करायचा आणि त्या निळ्याच्या जागी दुसरं चित्र भरायचं, हे तंत्र त्यानं बातम्यांतल्यासारखं सभ्यपणे वापरलं नाही. बँडच्या मागं रंगांचे भोवरे, नकाशे, वितळणारे आकार, गिटारवाल्याच्या अंगातूनच दुसरा गिटारवाला निघालेला. आज मोबाईलमधल्या फिल्टरनं हे कुणीही करतं. तेव्हा ते व्हिजन मिक्सरवर, म्हणजे चित्रं मिसळायच्या यंत्रावर, हातानं, वाजत असताना करायचं होतं. काही लोकांना हे चित्र डोळ्यांत खुपतं. माझं मत विचाराल तर निम्म्या वेळा त्यानं बोटं झाकली याचा मलाही राग येतो.

पण याच काळात आवाजाच्या बाजूनं सोनं आहे. नाचणारी पोरं गेली, टाळ्या गेल्या. बँड रिकाम्या स्टुडिओत खरं वाजवायला लागले, आणि तीन मिनिटांचं बंधन सुटलं. १९७० चा ब्लॅक सॅबाथ लावा. त्यातला गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात पत्र्याच्या मशीनमध्ये गेलेली, तो त्यावर टोपणं चढवून वाजवतो. उद्यमनगरात मशीनवर काम करणारी पोरं आमच्यात आहेत. त्यांना हे सांगितल्यावर ती पडद्याकडं वेगळ्याच नजरेनं बघतात.

मग १९७१, आणि इथं घाई करू नका. ब्रिटिश आणि अमेरिकन बँड दाखवणाऱ्या कार्यक्रमात आता खुद्द जर्मनीचे बँड कुणाचीच नक्कल न करता वाजवतायत. कोलोनचा ‘कॅन’: जपानी गायक दामो सुझुकी डोळे मिटून स्वतःशी गुणगुणल्यासारखा गातो, आणि याकी लिबेत्साइटचा ड्रम. हा माणूस ठेका धरतो आणि सोडत नाही. आमचे देवल क्लबवाले आजोबा पहिल्यापासून मांडीवर हात ठेवून बसलेले असतात, लिबेत्साइट आला की तो हात चालायला लागतो. त्यांना आवाज मोठा नको असतो, लय मात्र लगेच कळते.

याच वर्षी ‘क्राफ्टवेर्क’. पुढं यंत्रमानवांसारखे उभे राहून कीबोर्ड वाजवणारे म्हणून जगाला माहीत झाले ते हेच, पण इथं ओळखू येणार नाहीत. तिघंच आहेत: फ्लोरियान श्नायडर, गिटारवर मिखाएल रोथर, ड्रमवर क्लाउस डिंगर. राल्फ ह्यूटर तेव्हा काही काळ बाहेर होता. हे त्रिकूट थोडेच महिने टिकलं, मग रोथर आणि डिंगर यांनी ‘नोय!’ हा बँड काढला. डिंगरचे हात बघा. एकच सरळ ठोका, पुढं पुढं जाणारा, कुठं फिरवाफिरवी नाही. आज मिरवणुकीत आपण जे डीजेचं इलेक्ट्रॉनिक संगीत लावतो त्याचा एक उगम इथल्या या लोकांपाशी आहे, हे सांगितलं की डीजेवाली पोरं खुर्ची पुढं ओढतात.

शेवटचा तुकडा १९७२ चा, ग्रेटफुल डेड. एप्रिलमध्ये हा अमेरिकन बँड युरोप दौऱ्यावर असताना ब्रेमेनच्या स्टुडिओत आला आणि तासाभराहून जास्त वाजवत राहिला. समोर श्रोते नाहीत, फक्त कॅमेरे. प्रसारणात त्यातलं अगदी थोडं गेलं. बाकीचं आता बघायला मिळतं आणि ते अवश्य बघा, कारण गाण्यांच्या मधल्या जागा त्यात राहिल्यात: तार जुळवणं, कुणीतरी काहीतरी पुटपुटणं, परत सुरू करणं. साउंडवाल्याला खरा कार्यक्रम तिथंच दिसतो.

बीट-क्लबचा शेवटचा भाग ९ डिसेंबर १९७२ ला झाला. एकूण ८३ भाग. मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते त्याच वर्षी २ ऑक्टोबरला. म्हणजे महाराष्ट्रात टीव्ही आला आणि दोन महिन्यांत हे दुकान बंद. चारच दिवसांनी लेकेबुशनं ‘मुझिकलाडेन’ नावाचा पुढचा कार्यक्रम काढला. मानफ्रेड सेक्साउअरच्या जोडीला नेर्के तिथंही होती. तो १९८४ पर्यंत चालला. डिस्को, चकाकी, परत प्लेबॅक. आवडणाऱ्यांनी जरूर बघावा, मी लावत नाही.

दुसरी बैठक हवी असेल तर

पोरांना गोडी लागली तर पुढच्या वेळी ‘रॉकपालास्ट’ घ्या. हा कोलोनच्या डब्ल्यूडीआर या प्रसारण संस्थेचा संगीत कार्यक्रम. पेटर र्‍यूखेल आणि दिग्दर्शक क्रिस्टियान वाग्नर या दोघांनी उभा केलेला. यात प्लेबॅक शोधायचा खेळ चालत नाही, सगळं खरं आहे. २३ जुलै १९७७ च्या रात्री एसेन शहरातल्या ग्रुगाहालेमधून त्यांनी अख्खी रात्र थेट प्रसारण केलं, तेही युरोपातल्या बऱ्याच देशांत एकाच वेळी: लिटल फीट, रॉजर मॅग्विन आणि रोरी गॅलाघर. टीव्हीचा आवाज मोनो, म्हणून तोच कार्यक्रम त्याच वेळी रेडिओवर स्टिरिओत सोडला. लोकांनी टीव्हीचा आवाज बंद केला, रेडिओ घरच्या म्युझिक सिस्टिमवर लावला आणि चित्र टीव्हीवर बघितलं. आपल्याकडं क्रिकेटच्या मॅचला कॉमेंट्री रेडिओवर आणि चित्र टीव्हीवर असं बघणारे होतेच की.

म्हणून रॉकपालास्टला मोनोचा नियम मोडा. इथं दोन बॉक्स, दोन बाजूंना, कानाच्या उंचीवर, आणि बसायची जागा मधे. रोरी गॅलाघरची गिटार बघा, तिचा रंग घामानं आणि वापरानं उडालाय. बॉब मार्लीचा डॉर्टमुंडचा १९८० चा कार्यक्रमही याच लोकांनी टिपलाय, आणि १९८१ च्या मार्चमध्ये ग्रेटफुल डेड परत दिसतात, यावेळी हजारोंच्या गर्दीसमोर, त्याच रात्री ‘द हू’ या ब्रिटिश बँडसोबत.

अडचण एकच. एसेनमधली रात्र पहाटेपर्यंत चालायची आणि आपल्याकडं रात्री दहानंतर स्पीकर बंद. कायदाही आहे आणि खाली राहणाऱ्या काकूही आहेत. म्हणून आमची रॉकनाइट दुपारी दोनला सुरू होते. खिडक्यांना मंडपाचं काळं कापड लावायचं, पंखे पूर्ण सोडायचे, आणि फुटबॉलची मॅच त्या दिवशी नाही ना हे आधी बघून घ्यायचं. पाटाकडील किंवा शिवाजी तरुण मंडळ खेळत असेल तर हॉलमध्ये मी आणि ते देवल क्लबवाले आजोबा असे दोघंच उरतो.